ईश्वरीची उंची

आंबेखिंड गावात चाळीस मुलं होती आणि रक्त मात्र एकाचंच मोजलं जायचं.

तरी दर महिन्याच्या पंधरा तारखेला, शाळेची प्रार्थना संपायच्या आत, चाळीसच्या चाळीस घरांच्या फोनवर आरोग्यकार्ड येऊन पडलेलं असायचं. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, वजन, उंची, सगळं दशांशचिन्हासकट. मग मधल्या सुट्टीत भांडणं ठरलेली.

"माझं हिमोग्लोबिन साडेबारा आहे."

"मग खो-खोत सगळ्यात आधी कशी काय बाद होतेस?"

यातल्या कुणालाही सुई टोचलेली नसायची. सुई म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली, एवढंच त्या मुलांना माहीत होतं.

हे कसं जमायचं? खरं तर सोपं आहे, परीक्षेत पहिल्याच प्रश्नात असतं तसं. गाळलेल्या जागा भरा. 'सूर्य टिंबटिंब उगवतो.' तिथे काय लिहायचं हे शेजारचे शब्दच सांगून टाकतात. डॉ. शाल्मली गुंजीकर यांनी हेच माणसांच्या शरीरांवर करून दाखवलं होतं. त्या विद्यापीठात जैवसांख्यिकी शिकवायच्या. जैवसांख्यिकी म्हणजे रोग आणि औषधं यांचा हिशेब आकडेशास्त्रानं लावण्याची विद्या. डॉक्टर एका माणसाची नाडी बघतो, जैवसांख्यिक लाखभर माणसांची एकदम बघतो आणि त्यासाठी त्याला खुर्चीतून उठावंही लागत नाही.

शाल्मलीबाईंचं म्हणणं असं. एका गावातली मुलं एकाच बोअरचं पाणी पितात, एकाच दुकानातलं तेल खातात, एकाच धुळीत खेळतात. शाळेत नाव घालताना प्रत्येकाची एकदाच, सुई न टोचता, कसून मोजणी करा. त्यानंतर एकाच मुलाच्या मनगटात कडं घाला. हे कडं कातडीतून रक्त वाचायचं, आणि महिन्यातून एकदा ते मूल कुठल्याही शाळेतल्या काट्यावर उभं राहिलं की उंची-वजनही टिपून घ्यायचं. त्या एकाच्या शरीरात काय बदललं यावरून बाकी एकोणचाळीस जणांत काय बदललं असेल ते काढता येतं. या पद्धतीला त्यांनी नाव दिलं होतं रफू. शालूला उंदरानं भोक पाडलं तर रफूगार शेजारच्या धाग्यांकडे बघत बघत ते असं भरतो की भोक होतं कुठे तेच सापडत नाही. कडंवालं मूल म्हणजे मूळधागा. बाकीची मुलं भरणीची.

आणि हे चालत होतं. शंभरातले अठ्ठ्याण्णव आकडे बरोबर यायचे. त्याआधी राज्यातल्या निम्म्या मुलांचं रक्त जन्मात एकदाही कुणी तपासलेलं नसायचं. कडी फार महाग, प्रयोगशाळा फार लांब. रफू आल्यावर अठ्ठावीस हजार गावांतल्या मुलांना कार्डं मिळायला लागली. शाल्मलीबाईंना पुरस्कार मिळाले, पाठ्यपुस्तकात धडा आला, धड्याखाली स्वाध्याय आला, म्हणजे मुलांचे शिव्याशापही मिळाले. आता एप्रिल चालू होता, मेअखेर त्या निवृत्त होणार होत्या, आणि त्याआधी सरकारची समिती मोठ्या माणसांनाही रफू लावायचं की नाही हे ठरवणार होती.

दहा एप्रिलला दुपारी त्यांच्या खोलीच्या दारात एक बाई उभी राहिली. पस्तिशीची, गळ्यात शिंप्याची टेप, बहुतेक काढायची विसरली असावी. तिच्यामागे दोन वेण्या घातलेली सात वर्षांची मुलगी.

"त्या रफूवाल्या मॅडम तुम्हीच ना?"

शाल्मलीबाईंना हसू आलं. "मीच. बसा."

"मी सोनल वाघमोडे. आंबेखिंडची. ही माझी धाकटी, आरोही. मॅडम, हिचं तोंड बघा."

आरोहीनं लगेच तोंड फिरवलं. पण दिसायचं ते दिसलं. डोळ्यांखाली सूज होती, जशी खूप रडल्यावर येते, आणि ती रडलेली नव्हती.

"रोज सकाळी हे असं. लघवीला फेस. तालुक्याला डॉक्टरकडं नेली, त्यांनी कार्ड बघितलं, म्हणाले किडनी झकास हाय, जास्त मीठ देऊ नका."

शाल्मलीबाईंनी फोनवरचं कार्ड पाहिलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढतो तो आकडा, शून्य पूर्णांक पाच. उत्तम. त्या सवयीनं म्हणाल्या, "शंभरातले दोन आकडे चुकतात, सोनलताई. हिचा चुकला असेल. आपण इथेच रक्त तपासू. विद्यापीठाची जुनी प्रयोगशाळा अजून चालू आहे."

"तपासा. त्यासाठीच आलीय." सोनल थांबली. टेपचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "पण एक सांगू का? हिचं कार्ड खरं करा. मोठीचं हाय तसंच राहू द्या."

"मोठी?"

सोनलनं दुसरं कार्ड उघडलं. ईश्वरी वाघमोडे, वय बारा. वजन चौतीस किलो. उंची एकशे बेचाळीस पूर्णांक एक. सगळं उत्तम.

"ही पण आजारी आहे?"

"न्हाई," सोनल म्हणाली. "ती गेली. मागल्या जानेवारीत. पंधरा महिने झाले."

आरोही भिंतीवरच्या आलेखाकडे बघत होती. मग शाल्मलीबाईंनी फोन टेबलावर उपडा ठेवला. जिवंत कार्ड समोर धरून हे बोलणं त्यांना जमेना.

सोनलनं जे सांगितलं ते असं. ईश्वरीचा चेहराही असाच सुजायचा. तिचंही कार्ड असंच झकास यायचं. तिला ताप नव्हता, पडली नव्हती, नुसती दिवसेंदिवस मलूल होत गेली. पंधरा जानेवारीला कार्ड आलं, उंची एकशे चौतीस पूर्णांक आठ, किडनी उत्तम. अठ्ठावीसला ती गेली. मृत्यूची नोंद करायची तर आरोग्यक्रमांक बंद करायला हवा, क्रमांक बंद करायला डॉक्टरांनी कारण लिहायला हवं, आणि डॉक्टर म्हणाले, तेरा दिवसांपूर्वी हिला काहीही झालेलं नव्हतं, मी कारण काय लिहू? तुम्ही विसंगत नोंदीचा अर्ज करा. तिनं केला. त्यावर निर्णय व्हायच्या आत पंधरा फेब्रुवारी उजाडली.

"आणि कार्ड आलं, मॅडम. उंची वाढलेली. अर्धा सेंटिमीटर."

"मग?"

"मग काय. मी शिवणकाम करते. मला आकडा दिसला की कापड दिसतं. दर जूनला दोघींचे गणवेश मीच शिवायची, वर्षभर खालची दुमड, हेम, सोडत जायची. मी मशिनीवर बसले आणि तिच्या झग्याचं हेम अर्धा सेंटिमीटर सोडलं." तिनं आरोहीकडे बघून आवाज खाली आणला. "मार्चचं कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज मागं घेतला. जूनमध्ये नवीन गणवेश शिवला. सातवीचा. घडी घालून ठेवलाय."

शाल्मलीबाईंनी आयुष्यात हजारो मुलांचे मृत्यू पाहिले होते, पण ते सगळे रकान्यात बसलेले. इतका लांबलचक, हेम सोडत सोडत चाललेला मृत्यू त्यांनी पाहिला नव्हता.

प्रयोगशाळेनं दोन तासांत सांगितलं. आरोहीचं क्रिएटिनिन दोन पूर्णांक एक. कार्डातल्या आकड्याच्या चौपटीहून जास्त. मूत्रपिंडं निम्म्याहून अधिक कामातून गेलेली. सोबत रक्तात एक जड धातू सापडला, खडकात खूप खोलवर असतो तो.

"तुमच्या गावात नवीन बोअर मारलंय का?"

"अडीच वर्षं झाली. नऊशे फूट. आधीचं आटलं."

"मग सगळ्या मुलांना हे पाणी... मूळधाग्याला दिसायलाच हवं होतं." शाल्मलीबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "कडं कुणाच्या हातात आहे तुमच्याकडे?"

"राजवीरच्या. जगदाळ्यांचा."

"तो कसा आहे?"

"चांगला हाय की. दोन वर्षं झाली, शहरात निवासी शाळेत असतो. दिवाळीला येतो तेव्हा गाल असे."

शाल्मलीबाईंनी कागदावर 'शहर' लिहिलं आणि त्याला गोल केला.

इथे जरा थांबायला हवं, कारण हीच ती चूक, आणि ती कुणी आळशी किंवा दुष्ट माणसानं केलेली नव्हती. कडं कुठे आहे हे कडं सांगायचं नाही. मुलाचं नाव, गाव, जागा, काही नाही, फक्त रक्त. हे शाल्मलीबाईंनीच करून घेतलं होतं, मंत्रालयात भांडून, कारण लहान मूल चोवीस तास कुठे असतं हे सरकारला कळता कामा नये. त्या भांडणासाठी त्यांना एक मानपत्रही मिळालं होतं, मागच्याच भिंतीवर टांगलेलं होतं ते. म्हणून राजवीर शहरातल्या वसतिगृहात गाळलेलं पाणी प्यायला, तिथल्या काट्यावर उभा राहिला, उंच झाला, आणि त्याच्या रक्तावरून आंबेखिंडच्या एकोणचाळीस मुलांची कार्डं महिन्याच्या महिन्याला भरत गेली. धागा तुटलेला नव्हता, त्यामुळे यंत्रणेला शंका यायचं कारण नव्हतं. धागा फक्त दुसऱ्याच कापडातला होता.

त्यांनी हे सोनलला समजावून सांगितलं. सोनलनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. पण रफू करायच्या आधी आम्ही कापड हातात घेऊन बघतो."

तालुक्याचे आरोग्य अधिकारी मुजावर फोनवर भेटले. माणूस सज्जन होता, दमलेला होता.

"गुंजीकर मॅडम, तुम्ही सांगताय म्हणजे खरंच असणार. पण मी फेरमोजणी लावू कशी? तुमचाच नियम आहे. बारा महिन्यांत एकाच गावातून तीन विसंगत नोंदी आल्या तर फेरमोजणी. एक-दोन म्हणजे योगायोग."

नियम खरंच त्यांचाच होता. आणि चांगला होता. तो नसता तर प्रत्येक सर्दी-पडशाला अख्खं गाव मोजावं लागलं असतं.

"आंबेखिंडच्या किती आहेत?"

मुजावरांनी बघितलं. "ऑक्टोबर, एक मूल, आजारी. डिसेंबर, एक मूल, आजारी. दोघंही आता शहरात उपचार घेतायत. मग जानेवारीची एक होती, ती... ती मागे घेतलीय. म्हणून दोनच. मग सप्टेंबरमध्ये एक आली, तीही मागे घेतली."

"ही लहान मुलगी धरा."

"ही या एप्रिलची. ऑक्टोबर-डिसेंबर मागच्याच्या मागच्या वर्षातले. बारा महिन्यांत बसत नाहीत. जानेवारीची ती नोंद परत आली तर मात्र ऑक्टोबर, डिसेंबर, जानेवारी असे तीन होतात, मी उद्या गाड्या पाठवतो, मॅडम, माझी शपथ."

फोन स्पीकरवर होता. सोनलनं सगळं ऐकलं होतं. ती हुशार होती, तिला बेरीज कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मी अर्ज मागं घेतला नसता तर?"

आता, शाल्मलीबाईंना खोटं बोलता आलं असतं. समोर एक आई होती, एक मूल गेलेली, दुसरं आजारी. पण चाळीस वर्षांपूर्वी त्या स्वतः विद्यार्थिनी असताना त्यांचे सर एकदा म्हणाले होते, हे कोरे फॉर्म टाकून दे, आणि एकवीस वर्षांच्या शाल्मलीनं विचारलं होतं, "सर, पण हीच घरं कोरी का आहेत?" कोऱ्या जागेलाही कारण असतं, या एका वाक्यावर त्यांची सगळी कारकीर्द उभी होती. मध्ये कधीतरी त्यांनी कारण विचारायचं सोडलं आणि जागा भरायला घेतल्या होत्या.

"तर मागच्या एप्रिलमध्येच गाव मोजलं गेलं असतं," त्या म्हणाल्या.

"आणि पाटोळ्यांचा ओम?"

"सप्टेंबरची नोंद त्याची आहे?"

"त्याचीच. गेला तो." सोनल जमिनीकडे बघत होती. "त्याच्या आईला मीच सांगितलं. म्हटलं, घे मागं अर्ज. दर पंधराला येतंय पोर घरी, कशाला दार लावतीस."

आरोही मध्येच म्हणाली, "आई, आपण घरी कधी जायचं?"

"जायचं. गप जरा."

शाल्मलीबाईंनी अर्ज पुढे केला. साधाच कागद. मी जानेवारीची नोंद पुन्हा दाखल करते. खाली सहीची जागा. गावात अजून चौतीस मुलं होती जी तेच पाणी पीत होती आणि ज्यांची कार्डं झकास होती. आरोहीचे उपचार तर इथेच सुरू होणार होते, कागदावर सही असो वा नसो. म्हणजे सोनलला आता ही सही स्वतःच्या मुलीसाठी करायची नव्हती. दुसऱ्यांच्या मुलांसाठी करायची होती, आणि त्यासाठी स्वतःची मुलगी द्यायची होती. दुसऱ्यांदा.

तिनं पेन घेतलं. खाली ठेवलं.

"पंधराला करते. एक कार्ड येऊ द्या."

"सोनलताई, पाच दिवस. ती मुलं पाच दिवस ते पाणी—"

"पाणी मी बंद करते. त्याला तुमचा आकडा लागत न्हाई."

आणि तिनं केलं. आरोहीला दवाखान्यात आपल्या बहिणीपाशी ठेवून ती त्याच संध्याकाळी गावी गेली, पंपाच्या खोलीचं कुलूप दगडानं फोडलं, स्टार्टर काढला आणि पिशवीत घालून घरी आणला. सरपंच ओरडायला आला तेव्हा तिनं शिवणाची कात्री हातातून खाली ठेवली नाही. पाच दिवस गावाला टँकरचं पाणी आलं. अठ्ठावीस हजार गावांची आरोग्ययंत्रणा जे करू शकली नव्हती ते एका पिशवीनं केलं.

पंधरा एप्रिलला सकाळी कार्ड आलं. ईश्वरी वाघमोडे, उंची एकशे बेचाळीस पूर्णांक सहा. नऊ वाजता सोनलनं सही केली. दहा वाजून चार मिनिटांनी ईश्वरीचा आरोग्यक्रमांक बंद झाला.

मुजावरांनी शपथ पाळली. गाड्या आल्या, आणि आंबेखिंडच्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा सुई पाहिली. त्यातल्या दोन-चार जणांनी तर शेताची वाट धरली, त्यांना धरून आणावं लागलं. गावातल्या चौतीस मुलांपैकी एकवीस जणांची मूत्रपिंडं बिघडलेली होती. सहा जणांची इतकी की पुढचं आयुष्य यंत्राच्या शेजारी. या सगळ्यांची एप्रिलची कार्डं 'उत्तम' होती.

शाल्मलीबाईंनी मग एक शेवटचं काम केलं. राज्यभरातून विसंगत नोंदीचे किती अर्ज आले आणि किती मागे घेतले गेले, हे मोजलं. आजवर कुणी मोजलं नव्हतं, कारण मागे घेतलेला अर्ज म्हणजे नसलेला अर्ज. मृत्यूंचे मागे घेतलेले अर्ज अकरा हजार दोनशे सहा निघाले. त्यातले बहुतेक सोळा तारखेला मागे घेतलेले. कार्ड आल्याच्या दुसऱ्या दिवशी.

आठ मेला त्या हे घेऊन समितीपुढे उभ्या राहिल्या. समितीतले सगळे त्यांचेच विद्यार्थी होते, नम्र होते.

"मॅडम, अठ्ठावीस हजारांत एक गाव चुकलं. तुम्ही स्वतः याहून जास्त चूक गृहीत धरली होती."

"एक गाव सापडलं," त्या म्हणाल्या. "हे अकरा हजार बघा."

"पण मागे घेतलेला अर्ज मोजणीत धरायचा नाही, असं तुमचंच पुस्तक सांगतं. पान एकशे बारा." आणि तो मुलगा, म्हणजे आता पन्नाशीचा प्राध्यापक, अगदी प्रेमानं हसला. "आम्हाला पाठ आहे, मॅडम."

कडं आपली जागा सांगेल एवढी दुरुस्ती झाली. रफू मोठ्या माणसांनाही लागू झालं. अकरा हजार घरांना पत्रं गेली की तुमचा अर्ज पुन्हा दाखल करा. महिनाभरात चाळीस आले.

एक काम शाल्मलीबाईंनी कुणाला न सांगता केलं होतं. आरोहीचे केस जन्मापासून फारसे कापलेले नव्हते, आणि केसांचं एक छान असतं, ते महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि त्या त्या महिन्याचं विष त्या त्या सेंटिमीटरमध्ये जपून ठेवतात. शेपटाकडून डोक्याकडे वाचत गेलं की रोजनिशी वाचल्यासारखं सगळं कळतं. दवाखान्यात त्यांनी आरोहीकडे वेणीतली एक बट मागितली. ती फुगून बसली होती, पण दिली. बदल्यात आइस्क्रीम चालणार नाही हे आधीच सांगितलेलं असूनही दिली. म्हणजे आता त्यांच्याकडे खरा मूळधागा होता. त्याच घरातला, त्याच पाण्यातला, अडीच वर्षांचा.

तो धागा त्यांनी रफूत घातला आणि ईश्वरीचं कार्ड पुन्हा भरलं.

पद्धत जराही अडखळली नाही. बोअर सुरू झाल्यावर वर्षभरात क्रिएटिनिन एकच्या पुढे. पुढच्या चार महिन्यांत दोनच्या पुढे. उंची थांबत आलेली. कार्डावर आधी पिवळी खूण, मग लाल. पहिल्या पिवळ्या खुणेपासून शेवटापर्यंत सात महिने होते, उपचाराला भरपूर. मग नऊ फेब्रुवारीपासून प्रत्येक रकान्यात एक आडवी रेघ. म्हणजे इथून पुढे भरण्यासारखं शरीर नाही. ईश्वरी प्रत्यक्षात गेली होती अठ्ठावीस जानेवारीला. बारा दिवसांचा फरक. त्यांच्या शास्त्रात याला अतिशय चांगला अंदाज म्हणतात.

रफू बरोबर होतं. हेच त्यांना सोसवत नव्हतं. ते चुकीचं निघालं असतं तर त्या ते फाडून टाकून मोकळ्या झाल्या असत्या.

पंधरा मेला सकाळी त्या खोलीतली पुस्तकं खोक्यात भरत होत्या. शाल, श्रीफळ आणि तीन मानपत्रं आधीच बांधून झाली होती. फोन वाजला. सोनलचा निरोप होता. आरोहीची सूज उतरलीय. शाळेत जाईल जूनपासून. डॉक्टरांनी धावायचं नाही म्हटलंय, ती ऐकत नाही. आणि खाली, थोडी जागा सोडून:

'मॅडम, आज पंधरा. कार्ड आलं न्हाई, येणार न्हाई ते माहीत हाय. मीच सही केली. पण आज किती आली असती, तेवढं सांगाल का? एवढ्या येळेला.'

शाल्मलीबाईंनी संगणक उघडला. खरा धागा आत होताच. मे महिन्यासमोर आडवी रेघ होती. एप्रिलसमोर रेघ, मार्चसमोर रेघ, वरपर्यंत रेघाच रेघा, कोऱ्या वहीसारख्या.

मग त्यांनी आरोहीचा धागा काढला आणि राजवीरचा घातला. शहरात गाळलेलं पाणी पिणाऱ्या, गाल असे असलेल्या मुलाचा. तो चुकीचा आहे हे साऱ्या जगात सगळ्यात नेमकं त्यांनाच ठाऊक होतं. सदतीस वर्षांच्या कामात त्यांच्या हातून चुका झाल्या होत्या, पण माहीत असून केलेली ही पहिलीच.

आकडा लगेच आला. त्यांनी तो पाठवला.

'एकशे त्रेचाळीस पूर्णांक एक.'

खोक्यावर चिकटपट्टी लावायला त्या वळल्या तेवढ्यात उत्तर आलं.

'बरं. आठवीचा गणवेश बेतायला घेतलाय. बाही किती ठेवू, मॅडम?'

शाल्मलीबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि हाताची लांबी काढायला घेतली.